धसका अंगात बसतो, साक्ष तोंडाने मागतात

घटनेला चार दिवस झाले होते. आम्ही मावशींना तालुक्याच्या गावी आणलं, पत्रकारांपुढे बसवलं आणि माईक पुढे सरकवला. मावशींनी सगळं सांगितलं. कोण कोण आले, दार कोणी तोडलं, कोणाच्या हातात काय होतं, जातीवरून काय काय बोलले. आवाज सपाट, डोळे समोरच्या भिंतीवर, पाण्याचा टिपूस नाही. बाहेर पडताना आम्ही एकमेकांना म्हणालो, बाई खंबीर आहे, केस उभी राहणार. संध्याकाळी त्यांच्या सुनेने सांगितलं, "चुलीवर हात पोळला तरी आत्याबाईंना कळंना." आम्ही ते ऐकलं आणि मोर्चाच्या तयारीला लागलो.

अडीच वर्षांनी साक्षीची तारीख आली. बचाव पक्षाच्या वकिलाने विचारलं, आधी दार तुटलं की आधी लाईट गेली? मावशी गप्प. पुन्हा विचारलं. हात कठड्यावर, ओठ घट्ट मिटलेले. न्यायाधीशांनी पाणी द्यायला लावलं, तो ग्लास तोंडापर्यंत गेलाच नाही. पुढे कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसल्यावर त्या म्हणाल्या, "दातखीळच बसली बघा. पाय मपले नव्हतेच. म्या कुठून तरी वरून बघत व्हते."

गावाचं आणि त्यांचं नाव देत नाही, खटला अजून चालू आहे. पण अडीच वर्षांपूर्वी माईकपुढे बसलेली बाई खंबीर नव्हती, ती तिथे नव्हतीच, हे आम्हाला त्या लिंबाखाली कळलं. ते आधी कळायला हवं होतं. आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केलं, जातीच्या उतरंडीवर पानंच्या पानं लिहिली, आणि समोर बसलेल्या बाईच्या अंगात जात काय करते आहे ते आम्हाला वाचता आलं नाही.

याला मानसशास्त्रात डिसोसिएशन म्हणतात. सोसवत नाही तेव्हा मन शरीरातून बाजूला होतं. दुखणं जाणवत नाही, आवाज लांबून येतात, वेळेची सलगता तुटते. पिएर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने 1889 सालीच हे सविस्तर मांडलं. आपल्या बायांना मात्र त्यासाठी फ्रान्सला जावं लागत नाही. धसका बसला, हातपाय गळाले, पोटात गोळा आला, अंग सुन्न पडलं, दातखीळ बसली. आघात शरीरात घर करतो हे आपल्या भाषेला ठाऊकच आहे. ठाऊक नाही ते पंचनाम्याला, नुकसानभरपाईच्या तक्त्याला, आणि खरं बोलायचं तर आपल्या चळवळीलाही.

शरीरापासून सुरू होणारी मानसोपचाराची एक शाखा आहे. 1930च्या दशकात विल्हेल्म राइश म्हणाला की दाबलेली भीती स्नायूंचं चिलखत होऊन बसते. पुढे पीटर लेव्हिन, पॅट ऑग्डेन वगैरेंनी आघातग्रस्तांसाठी पद्धती बांधल्या. बेसेल व्हॅन डर कोल्क यांचं 2014 सालचं पुस्तक जगभर खपलं, त्याचं नावच सांगतं की हिशेब शरीर ठेवतं. यांचं म्हणणं थोडक्यात असं. धोका समोर आला की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं, आणि दोन्ही शक्य नसेल तर गोठतं. धोका टळल्यावरही ते गोठणं सुटलं नाही तर माणूस वर्षानुवर्षं त्याच क्षणात अडकतो. म्हणून उपचाराची सुरुवात 'काय झालं ते सांगा' अशी करायची नाही. आधी पाय जमिनीवर टेकले आहेत का ते जाणवू द्यायचं. खोलीत नजर फिरवायची, दार कुठे, खिडकी कुठे. छातीत आवळल्यासारखं होतंय की घशात, ते विचारायचं. आठवणीचा एक छोटा तुकडा घ्यायचा, अंग ताठ व्हायला लागलं की थांबायचं, परत पायांकडे यायचं. हात कापले तर कापू द्यायचे. घाई नाही.

आता यावर समाजशास्त्राची एक ओळ आम्ही जोडतो, कारण ती त्या पुस्तकांत नाही. आपल्या गावात लढणं आणि पळणं या दोन्ही वाटा आधीच बंद केलेल्या असतात. लढलात तर वस्तीवर चाल होते, आणि तुमच्यावरच उलटी फिर्याद दाखल होते. पळावं तर कुठे? शेत नाही, दुसरीकडे घर नाही, पाहुण्यांच्या दारात किती दिवस काढणार? उरतं ते गोठणं. म्हणजे या बाईचं गोठणं हा तिच्या स्वभावाचा दुबळेपणा नव्हे. गावाच्या रचनेने तिला ठेवलेली तेवढी एकच वाट आहे. फ्रांत्झ फॅनन अल्जीरियातल्या ब्लिदा इथल्या मनोरुग्णालयात 1953 ते 1956 डॉक्टर होता. गुलाम केलेल्या माणसाचे स्नायू कायम ताणलेले असतात, हे त्याने 1961च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. आपल्याकडच्या जोहार घालणाऱ्या कमरा कोणत्या डॉक्टरने तपासल्या?

इथे आमचे एक ज्येष्ठ सहकारी आम्हाला सुनावतात, "हे श्रीमंतांचे चोचले. आपल्याला न्याय पाहिजे, समुपदेशन नको." त्यांच्या रागाचं कारण आम्हाला समजतं. पुण्या-मुंबईत आघातावरच्या कार्यशाळांचं पेव फुटलं आहे. एका तासाला घेतात तेवढे पैसे आपल्या ऊसतोड कामगाराला कोयता चालवून किती दिवसांत मिळतात याचा हिशेब करा. तिथे बालपण येतं, नातेसंबंध येतात, ऑफिसचा ताण येतो, फक्त जात येत नाही. आली तर 'भूतकाळ सोडून द्या' असा सल्ला मिळतो.

पण ज्येष्ठ सहकारी एक गोष्ट विसरतात. आघाताला वैद्यकीय मान्यता मिळाली ती दवाखान्यातून नाही, रस्त्यावरून. व्हिएतनाम युद्धातून परतलेले आणि त्या युद्धाच्याच विरोधात उभे राहिलेले सैनिक 1970 सालापासून गट करून बसू लागले, एकमेकांना ऐकू लागले. काही मनोविकारतज्ज्ञ त्यांच्या सोबत बसले. त्या दबावातून 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत आघातोत्तर ताणाचा आजार आला. बलात्कार आणि घरातल्या मारहाणीचा आघात स्त्रियांच्या चळवळीने मांडला. ज्युडिथ हर्मन 1992च्या पुस्तकात स्पष्टच म्हणतात की आघाताचा अभ्यास राजकीय चळवळीच्या पाठबळाशिवाय तगत नाही. म्हणजे हे शास्त्र चळवळीचं अपत्य आहे. आपण त्याला परकं समजून दारात उभं करायचं का?

दार उघडायचं, पण तपासून. प्रशासन आपल्याला भोळे समजेल असं आम्हाला चालणार नाही, म्हणून पुराव्याचं आधी बोलू. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली आघातोत्तर ताणासाठी शिफारस केली ती आघातावर केंद्रित वर्तनोपचारांची आणि डोळ्यांच्या हालचालींवर आधारित ईएमडीआर या पद्धतीची. लेव्हिन यांच्या पद्धतीचे शास्त्रीय प्रयोग अजून थोडे आहेत. भारतातलंच उदाहरण घ्या. 2004च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत दीडशे लोकांना सव्वा तासाचा शरीराधारित उपचार दिला गेला. आठ महिन्यांनी पाहिलं तेव्हा बहुतेकांची लक्षणं बरीच कमी झालेली होती. हे 2008 साली प्रसिद्ध झालं, पण तुलनेसाठी उपचार न घेतलेला गट त्यात नव्हता, म्हणून दावा जपूनच करावा लागतो. आणि त्याच किनाऱ्यावर मदत छावण्यांतून दलित कुटुंबांना बाहेर ठेवलं गेलं, पाण्याला शिवू दिलं नाही, हेही त्या काळच्या अहवालांत नोंदलेलं आहे. लाटेचा धसका उपचाराने उतरेल. छावणीच्या दारातल्या हाकलण्याचा कोण उतरवणार?

आमचं खरं भांडण इथे आहे. लेव्हिन हरणाचं उदाहरण देतात. वाघाच्या तावडीतून सुटलेलं हरीण अंग थरथरवतं, झटकतं आणि चरायला लागतं. ठीक. पण आमच्या गावातला वाघ निघून गेलेला नसतो. तो जामिनावर सुटून पारावर बसलेला असतो. मावशी पाण्याला जातात तेव्हा तो बघून मिशीवर हात फिरवतो. अशा वेळी त्यांच्या शरीराने वाजवलेली धोक्याची घंटा खोटी नाही, ती बरोबर वाजते आहे. उपचारकाने 'आता तुम्ही सुरक्षित आहात' म्हणणं म्हणजे शरीराला खोटं बोलायला शिकवणं. आधी सुरक्षितता द्या, मग श्वास शिकवा. निदान दोन्ही बरोबर द्या.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. या पद्धतींपैकी काहींमध्ये उपचारक खांद्यावर, पाठीवर हात ठेवतो. ज्या समाजाचा स्पर्श हजारो वर्षं नाकारला गेला आणि ज्याच्या बायांच्या अंगावर मात्र रात्री हात टाकले गेले, त्या समाजात हात ठेवणं ही साधी गोष्ट नाही. कोणाचा हात, कोणत्या जातीचा, कोणाला विचारून? आम्ही पाहिलेल्या एका शिबिरात (कोणाचं ते सांगत नाही) प्रशिक्षकाने न विचारता एका मुलीच्या मानेवर हात ठेवला आणि ती जागच्या जागी दगड झाली. प्रशिक्षकाला वाटलं, ती शांत झाली. आमच्या माईकची आठवण आली.

आपल्या लोकांना हे सांगताना विपश्यनेचा विषय निघतोच. सतिपट्ठान सुत्तात कायानुपस्सना आहे, श्वास आहे, अंगातल्या संवेदना पाहणं आहे. पाश्चात्त्य शरीरोपचारांनी ध्यानपरंपरेकडून पुष्कळ उचललं हेही खरं. पण 'सगळं आमच्या ग्रंथात होतंच' ही भटी सवय आपण लावून घ्यायला नको. गंभीर आघात झालेल्या माणसाला थेट दहा दिवसांच्या मौनात बसवलं तर आठवणींचा बांध फुटू शकतो, ध्यानातून असा त्रास झालेल्यांवर संशोधनही झालेलं आहे. अत्याचारपीडित मुलाला 'इगतपुरीला जाऊन ये, बरं वाटेल' म्हणणाऱ्या उपासकांनी हे ध्यानात ठेवावं. आणि मुख्य म्हणजे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रस्तावनेत चार आर्यसत्यांबद्दलच प्रश्न उभा केला. दुःखाचं मूळ माणसाच्या आत किंवा मागच्या जन्मात दाखवणारी शिकवण त्यांनी स्वीकारली नाही. माणसामाणसांतला व्यवहार सुधारणं हा त्यांचा धम्म. श्वास पाहायचा तो या धम्मासाठी, पारावरच्या वाघाला माफी देण्यासाठी नाही.

आता एक अवघड कबुली. आमच्या लहानपणी वस्तीत काही बायांच्या अंगात यायचं. केस मोकळे, अंग घुमतंय, नवऱ्याला एकेरीत शिव्या, पाटलाला शिव्या. आम्ही धम्माच्या वाटेवर आलो, देव्हारे काढले, देवऋष्याला वस्तीबाहेर घालवलं. बरोबरच केलं. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा पेढे वाटले. पण तेवढी एकच जागा होती जिथे त्या बाईला थरथरायला, ओरडायला परवानगी होती. ती बंद करताना त्या जागी आम्ही काय दिलं? विहारात वंदना, शिस्तीत रांगा, आणि 'रडू नको, भीमाची लेक आहेस'. देवऋष्या लुटत होता, पण बाईच्या अंगात काही तरी साठलेलं आहे हे त्याला निदान मान्य होतं.

खरं तर बाबासाहेबांनी शरीराला कधी विसरलेलं नव्हतं. मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे निघालेल्या पोराला 1901च्या सुमारास रात्रभर पाणी मिळालं नाही. ती तहान त्यांनी तीस-पस्तीस वर्षांनी लिहून काढली, बारीकसारीक तपशिलांसह. चाळीसगावला 1929 साली सवर्ण टांगेवाल्यांनी नेण्यास नकार दिला, वस्तीतल्या नवख्या माणसाने टांगा हाकला, तो उलटला आणि त्यांचा पाय मोडला. जात हाडापर्यंत जाते हे त्यांना उपमा म्हणून सांगावं लागलं नाही. आणि महाडला डिसेंबर 1927 मध्ये त्यांनी बायांना लुगडं कसं नेसावं ते सांगितलं, अंगावरचे गुलामीच्या खुणेचे दागिने टाकायला सांगितले. समता सैनिक दलात वाकलेल्या कमरांना ताठ उभं राहून पाऊल टाकायला शिकवलं. हे आम्ही आजवर अस्मिता म्हणून वाचत आलो. ते उपचार म्हणूनही वाचता येतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, कागद बदलले. सोनई, जानेवारी 2013: नेवासा तालुक्यात मेहतर समाजातल्या तीन तरुणांचे खून. खर्डा, 28 एप्रिल 2014: जामखेड तालुक्यात 17 वर्षांच्या नितीन आगेला मारून झाडाला लटकवलं. सोनईचा खटला नाशिकला चालला, जानेवारी 2018 मध्ये सहा जणांना फाशी सुनावली गेली. खर्ड्याचा खटला नगरला चालला, अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. फितुरीमागे दबाव असतो, पैसा असतो, जातीची एकजूट असते, त्यात आम्हाला शंका नाही. पण दबावापुढे टिकायला शरीरात काही तरी शिल्लक असावं लागतं. आणि आपल्या बाजूचे, न फुटलेले साक्षीदार जेव्हा पिंजऱ्यात गोठतात तेव्हा त्याला आपण नशीब म्हणतो. आघाताच्या आठवणी तुकड्यांत राहतात: रॉकेलचा वास, कोणाच्या तरी चपलेचा आवाज, अंधार. क्रम हरवतो. उलटतपासणी मागते ती नेमका क्रम. बचाव पक्षाच्या वकिलांना हे कोणत्याही मानसोपचारतज्ज्ञापेक्षा चांगलं कळतं.

कायद्यात यासाठी जागा आहे, ती आपण मागतच नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या 1995च्या नियमांतला नियम 11 काढून वाचा. पीडितांच्या औषधांचा, रक्ताचा, कपड्यांचा, अगदी फळांचाही खर्च प्रशासनाने द्यायचा आहे. त्याच यादीत 'विशेष वैद्यकीय सल्ला' हे शब्द आहेत. आघाताचा उपचार त्यात का बसू नये? आम्ही बसवायला लावणार आहोत. 2016 पासून लागू झालेलं कलम 15-अ संरक्षण, पुनर्वसन आणि गरज पडल्यास दुसरीकडे वसवणं हा पीडित आणि साक्षीदाराचा हक्क मानतं. वाघाच्या पारापासून दूर नेणं, त्याचं कायदेशीर नाव हेच. विशेष न्यायालयाने शक्यतो आरोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला संपवावा असंही हा कायदा सांगतो, आणि मावशींना अडीच वर्षांनी फक्त पहिली तारीख मिळाली. 2017चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उपचाराचा हक्क देतो आणि त्यात जातीवरून भेदभाव करायचा नाही असं नाव घेऊन सांगतो. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, असुरक्षित साक्षीदारांची व्याख्या मानसिक आजार असलेल्यांपर्यंत वाढवली आणि जिल्ह्याजिल्ह्यात त्यांच्या साक्षीसाठी वेगळी केंद्रं करायला सांगितली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. तिथे आपले सदस्य काय विचारतात? भरपाईचा हप्ता जमा झाला का. तेवढंच.

माणसं कुठून आणायची, हा प्रश्न अधिकारी विचारतील. त्यांना जामखेडला न्या, खर्ड्याच्याच तालुक्यात. तिथे 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायांना, त्यात अनेक दलित, अनेक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपणं, कुपोषण, कुष्ठरोग, सगळं त्यांनी हाताळलं. 1979 साली आरोळ्यांना मॅगसेसे मिळालं. ज्या बाईला शिवायचं नाही तिच्याच हातात गावाने बाळंतीण दिली, ती याच तालुक्यात. ज्या बाया रक्तदाब मोजायला शिकल्या, त्यांच्या लेकी-सुना पाय जमिनीवर टेकवायला, श्वास सोडायला, केव्हा थांबायचं आणि केव्हा तज्ज्ञाकडे पाठवायचं हे ओळखायला शिकणार नाहीत का? पुण्याच्या वस्त्यांमध्ये बापू ट्रस्टने कला आणि शरीराच्या हालचालींमधून मानसिक आरोग्याचं काम उभं केलं, बहुजन तरुणांसाठी 'द ब्लू डॉन'सारखा गट उभा राहिला. करता येतं.

सरकारकडे मागताना आपण काय बदलणार? आम्ही चार गोष्टी ठरवल्या आणि त्या पाळताना कटकट होते आहे. पीडितेची हकिकत एकदाच, एकाच व्यक्तीने, तिच्या परवानगीने नोंदवायची. प्रत्येक शिष्टमंडळापुढे, प्रत्येक मोबाईलपुढे ती पुन्हा काढायची नाही. पहिल्या आठवड्यात पत्रकार परिषदेत कुटुंबातल्या कोणालाही बसवायचं नाही, त्यावरून एका नेत्याशी आमची जुंपली. साक्षीच्या आधी साक्षीदाराला रिकामं कोर्ट दाखवून आणायचं, पिंजऱ्यात उभं करायचं, दार कुठे आहे ते बघू द्यायचं, पण साक्षीत काय बोलायचं यावर एक शब्द बोलायचा नाही. आणि चौथी गोष्ट कार्यकर्त्यांची. घटनास्थळी जाऊन प्रेत पाहून आलेली पोरं रात्री गुत्त्यावर जातात हे आपण सगळे जाणतो आणि 'वाघ आहेत' म्हणून हसतो. त्यांचेही हात कापतात. ज्यांना रात्र जात नाही त्यांनी 14416 वर फोन करावा, टेलि-मानसची ही सेवा फुकट आहे, मराठीत बोलता येतं, चोवीस तास चालते.

मावशींना आता दर रविवारी वंदना झाल्यावर विहारात बसवतो. शेजारी आमच्यातली एक परिचारिका असते, तिने या पद्धतीचं रीतसर शिक्षण घेतलं आहे. पहिले तीन रविवार मावशी फक्त दाराकडे बघत बसल्या. चौथ्या रविवारी म्हणाल्या, फरशी गार लागती. उलटतपासणीची पुढची तारीख 2 महिन्यांनी आहे. नियम 11 खालचा आमचा अर्ज समाजकल्याण कार्यालयात पडून आहे, त्याची पोच आमच्याकडे आहे. दक्षता समितीच्या पुढच्या बैठकीच्या दिवशी सकाळी 11 वाजता जिल्हाधिकारी कार्यालयासमोर जमायचं आहे. येताना आपापल्या तालुक्यातल्या चालू खटल्यांची यादी आणा, आणि त्यातल्या किती साक्षीदारांना झोप लागते ते विचारून या.